वन्संचा तेवीस पिसांचा मोर

बाळांनो, मी एकदा चांदीचा मोर पाण्यात विरघळवला आहे. (चांदी पाण्यात विरघळत नाही, हे मला ठाऊक आहे. मी इंग्रजी शाळेत रसायनशास्त्र शिकले आहे. म्हणून तर जास्त घाबरले!)

मोर माझा नव्हता. तो तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझ्या वन्संचा. त्यांच्या अत्तरदाणीच्या झाकणावरचा. केसाएवढ्या बारीक तारेच्या वेटोळ्यांचा पिसारा, पिसं तेवीस. वन्सं ती दर सणाला मोजतात. गेल्या वर्षी पिसं डुगडुगू लागली आणि नातीचा साखरपुडा तर तोंडावर आलेला. आपल्या सांगलीच्या घरात खालच्या खोलीत सदूमामा चांदीचं तारकाम करतात, म्हणून वन्संनी तासगावहून अत्तरदाणी पाठवली. सोबत निरोप: ‘तू तिथे आहेस, म्हणून मी निर्धास्त.’

सदूमामांनी सगळी पिसं सुटी करून पुन्हा जुळवली, मोर ओसरीवर उन्हात ठेवला आणि ते जेवायला गेले. संध्याकाळी पाचच्या गाडीनं वन्सं न्यायला येणार होत्या. मी खाली उतरले, तर मोरावर पांढरी भुकटी! बोट लावलं, तर चिकट. साखरपुड्याला असला कळकट मोर? मी तो उचलून बेसिनमध्ये धरला, नळ सोडला आणि मऊ ब्रश फिरवला.

आधी तुरा गेला. मग पिसारा फुलला. फुलला तो फुलतच गेला, आणि पिसं एकेक करून जाळीकडे निघाली. मी तळहातानं जाळी दाबून धरली आणि तुमच्या आजोबांना हाक मारली, "अहो, गाळणी आणा!"

ते चहाची गाळणी घेऊन आले आणि म्हणाले, "आत्ताच तर झाला की चहा."

सदूमामा आले. मी सगळं कबूल केलं. त्यांनी गाळणीत गोळा झालेली पिसं बोटानं चाळली.

"आवं बाई, पिसं नुस्ती खळीनं चिकटवली हुती. वरची ती भुकटी म्हंजी सांधायची डाकाची पूड आन् टाकणखार. जाळ दिल्याबिगर पक्कं हुतंय व्हय?"

मोजली. बावीस. आजोबा टॉर्च घेऊन बेसिनखाली आडवे झाले. नळी उघडली, तिथेही नाही. शेवटी सदूमामांनी नवी तार वळून तेविसावं पीस केलं. ते फुंकणीनं जाळ देत होते. मी मदतीला सरकले, तर वर न बघता म्हणाले, "बाई, हात पदरात ठिवा."

पाचला वन्सं आल्या. चष्मा लावून मोजायला बसल्या. बाविसावर थांबल्या.

"तेवीस," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर सोपवलं की बघावं लागत नाही."

मी इतकी हलकी झाले, की त्या चहा गाळायला उठल्या तरी त्यांना अडवायचं सुचलं नाही. त्यांनी खिळ्यावरची गाळणी काढली, उजेडाकडे धरली आणि कडेच्या पट्टीतून नखानं काहीतरी उकरलं.

"हे चोविसावं कुठलं गं?"

बाळांनो, पन्नास वर्षांच्या संसारात मी एकच वस्तू न धुता जागेवर टांगली आहे. ती गाळणी.