बारावीच्या वर्षातली हिरवळ

अरविंद गायधनी नाशिकचे, पेशाने इंजिनिअर, मुक्काम सौदीतल्या धाहरानच्या कंपनी कॅम्पातल्या बंगलीत, एकटे. मुलगी मुग्धा बारावीत गेली तशी बायको चित्रा तिला घेऊन नाशिकला परतली. मराठी माणसाचा संसार बारावीपुढे टिकत नाही.

निघताना चित्रा म्हणाली होती, "दारात जरा हिरवं असतं तर थंडीत येऊन राहिले असते." बोलायचं म्हणून बोलली होती. गायधनींनी ते ऑफिसच्या हुकमासारखं घेतलं.

थंडीत तिथलं उन्हाळी गवत पिवळं पडतं. म्हणून नोव्हेंबरात ते खुरटं कापून वर हिवाळी गवताचं बी पेरलं. पेरणारे जमालभाई कॅम्पातले माळी, मूळचे श्रीवर्धनचे. त्यांनी भाताच्या रोपासारखं दाट फेकलं आणि गवत गादीसारखं आलं. दर शुक्रवारी जमालभाई मशीन फिरवत, गायधनी कात्रीने कडा सरळ करत. एरवी कुणी पाय ठेवायचा नाही. नाशिकच्या सोफ्यावरचं प्लॅस्टिकही अजून निघालेलं नाही.

"साहेब, ह्याच्यावर चालतात," जमालभाई म्हणाले.

"मॅडम आल्यावर."

मॅडमचा डिसेंबर सराव परीक्षेत गेला, फेब्रुवारी प्रॅक्टिकलमध्ये, मार्च बोर्डात. मग सीईटी. गवत वाढत होतं आणि गायधनी दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर ते कोपऱ्याकोपऱ्याने दाखवत होते.

एप्रिल सरता सरता ऊन तापलं. "आता बुडाशी कापून पाणी तोडू या," जमालभाई म्हणाले. "खालच्या उन्हाळी गवताला ऊन मिळत नाही. हे तसंही जळणार."

"जरा थांबा. मे महिन्यात सीईटी संपते."

"मला काय, गवताला सांगा."

गायधनींनी फोन लावला. "परीक्षा झाली की लगेच ये. अजून हिरवं आहे."

चित्रा हसली. "अहो, दर शुक्रवारी बघतेच आहे की! पाठ झालंय मला. त्यासाठी तिकीट कशाला? आणि अ‍ॅडमिशनची धावपळ कोण करणार? दिवाळीत तुम्हीच या."

"बरं," गायधनी म्हणाले आणि बाहेर आले. "कापा, जमालभाई."

कापून झालं. गोणीचं तोंड धरून गायधनींनी विचारलं, "तुमच्या घरचे कधी आले नाहीत इकडे?"

"आमच्या इकाम्यावर? मजुराच्या परवान्यावर बायकापोरं कुठली आणता येतात!" जमालभाईंना हसू आलं. त्यांनी गवत दाबून भरलं. "गावाला असतं तर म्हशीने आठवडा काढला असता."

कचऱ्याची गाडी आली. दोघांनी मिळून गोण्या वर चढवल्या.