पुलाच्या अलीकडचं गाव

ओहायोला मी फिरायला म्हणून गेले नाही. आमच्या लेकीने, इराने, तिथल्या एका लहान गावातल्या मुलाशी, ट्रॅव्हिसशी, लग्न ठरवलं आणि फोनवर म्हणाली, हो-नाही काय ते एकदा येऊन बघितल्यावर सांग. नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, जुरोंग आयलंडवरच्या प्लांटचं देखभालीचं शटडाउन चालू होतं, त्याला रजा मिळेना, म्हणून मी एकटीच निघाले. सिंगापुरातल्या आमच्या हौगांगच्या घरापासून चांगी विमानतळ फार लांब नाही, पण टॅक्सीवाल्या अंकलने तेवढ्यात माझं राजकारण ठरवून टाकलं. "हौगांग आह? हौगांग पीपल व्हेरी स्टबर्न वन." आम्ही हौगांगवाले विरोधी पक्षाकडे झुकलेले, हे सिंगापुरात सगळे गृहीतच धरतात. मी पर्मनंट रेसिडेंट, मला मतच नाही, असं सांगितलं तरी तो हसत होता.

मला हसू येत नव्हतं. इराचं होणारं सासर उजव्यांच्या लाल पक्षाच्या पट्ट्यात. मुलाच्या वडिलांचं नाव रे, धंद्याने वेल्डर, घरात शिकारीच्या बंदुका. रॅफल्स प्लेसच्या माझ्या बँकेत डबा खाता खाता मी महिनाभर तिकडच्या बातम्यांचे व्हिडिओ बघितले होते आणि आपल्या हाताने आपली झोप घालवली होती. श्रीकांत म्हणाला, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणायला त्याचं काय जातं, तो घरी राहणार होता.

पहिला मुक्काम न्यू जर्सीत, कॉलेजातल्या मेघनाकडे. तुम्ही जाणार असाल तर एवढ्या लांबच्या विमानानंतर एक दिवस नुसतं झोपा, लगेच गाडीला हात लावू नका. मेघनाच्या हिरवळीवर लाल पक्षाच्या विरोधातल्या निळ्या पक्षाची पाटी रोवलेली होती. तिने गरम वरणभात वाढला आणि सोबत भीतीही वाढली. तिकडचे म्हणजे ट्रक, बिअर आणि बंदूक, शिक्षणाच्या नावाने शून्य, पोरीला म्हणावं वेळेवर शहाणी हो. तिचा डॉक्टर नवरा भात कालवत होता. ती आत गेल्यावर हळूच म्हणाला, मी गेली कित्येक वर्षं लाल बटण दाबतो, टॅक्ससाठी, पण हिला बोलू नका. माझा धीर वाढायला हवा होता, तो उलट खचला. म्हणजे माणूस घरावरून, डिग्रीवरून, पाटीवरूनही ओळखू येत नाही, मग घाबरायचं कोणाला?

इरा मला न्यायला गाडी घेऊन आली. पेनसिल्व्हेनिया आडवं ओलांडायला अख्खा दिवस जातो. टोलनाक्यावर थांबावं लागत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल मागाहून येतं. डोंगर, बोगदे, स्वच्छ स्वच्छतागृहं, आणि शाकाहारी माणसाला चीज पिझ्झा नाहीतर भाजलेला बटाटा. दशम्या मी नेल्या होत्या म्हणून निभावलं. पश्चिमेकडे जावं तशा पाट्या निळ्याच्या लाल होत गेल्या आणि मी दिसेल तो पिकअप ट्रक मोजू लागले. "आई, ट्रकला मत नसतं. चिल लाह," इरा म्हणाली. पुढे एका पेट्रोल पंपावर दोन माणसं आमच्याकडे टक लावून बघत राहिली. इराने मान वर न करता पैसे दिले, आणि एरवी अखंड बडबडणारी माझी मुलगी पुढे कितीतरी वेळ गप्प होती. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

गावात शिरायच्या आधी नदी आणि लोखंडी पूल लागतो. पूल उतरल्यावर गावच्या चौकात सँडविचचं दुकान आहे, तिथे रे आणि त्यांची बायको भेटणार होते. रविवार, चर्च नुकतं सुटलेलं, दुकान खच्चून भरलेलं. इरा गाडी लावायला गेली. मी रिकामं टेबल बघितलं, त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, शेजारी हँडबॅग ठेवली आणि रांगेत उभी राहिले. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, सगळे अशीच जागा धरतात. पासपोर्ट बॅगेत होता, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मागे वळून बघितलं तर टेबलाभोवतीची माणसं लांब सरकली होती. काउंटरवरची मुलगी फोन उचलून बेवारस बॅगेबद्दल कोणाला तरी विचारत होती. आणि माझ्या बॅगेवर हात ठेवून एक दांडगा दाढीवाला उभा होता. डोक्यावर लाल टोपी, कमरेला पिस्तूल. मी रांग सोडली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण मी चिंतलेलं सगळं तिथे टोपीसकट उभं होतं.

त्याने मला बघितलं, टिश्यूच्या पाकिटाकडे बोट केलं. "इराची आई ना? तीही असंच करते. मी तिला दहादा सांगितलंय, इथे करू नको."

ते माझे होणारे व्याही.

त्यांनी काउंटरवरच्या मुलीला हात केला, तिने फोन ठेवला, लोक पुन्हा खायला लागले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्यांच्या बायकोने माझ्यापुढे ॲपल पायचा तुकडा सरकवला. हे पाय म्हणजे सफरचंदाचं सारण भरलेलं गोड, नक्की खा, आणि टिप ठेवायला विसरू नका.

दुपारी त्यांच्या घरी गेलो. ट्रॅव्हिसने दार उघडलं. पडवीच्या खांबावर पक्षाच्या झेंड्याची खोबण होती, झेंडा नव्हता. सिंगापूरचे बँकवाले आपल्याला अडाणी म्हणतील, या धास्तीने बायकोने तो सकाळी उतरवायला लावला होता, हे रे यांनीच हसत सांगितलं. त्यांचे वडील पोलादाच्या कारखान्यात होते, जन्मभर निळे. कारखाना बंद पडला, रे लाल झाले, आणि बापलेकांनी कित्येक वर्षं एका टेबलावर जेवण केलं नाही. घरोघरी मातीच्या चुली. मी म्हटलं, माझ्यासाठी झेंडा उतरवायला नको होता. पण खरं सांगते, तो नव्हता म्हणून मला बरं वाटलं होतं.

निघताना मी त्यांना सरळ विचारलं, माझी मुलगी इथे सुरक्षित राहील का. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"या गावात मला सगळे ओळखतात. तिला कोणी काही बोलणार नाही. पुलापलीकडचं मी सांगू शकत नाही."

खोटा धीर दिला असता तर मी मनातल्या मनात चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. या माणसाने ती सोयही ठेवली नाही.

परतीच्या रस्त्यावर इरा आपणहून बोलली. तिलाही भीती वाटते, रोज नाही, पण वाटते. तरी तिला तिथेच राहायचं आहे. मी हो म्हटलं. नाही म्हणून ती थांबली नसती, फक्त पुढच्या वेळी भीती वाटली असती तेव्हा मला सांगितलं नसतं.

सिंगापुरात परतल्यावर श्रीकांतबरोबर घराजवळच्या हॉकर सेंटरला गेले. गर्दी होती. मी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, बॅग ठेवली, चार पावलं गेले आणि परत येऊन बॅग खांद्याला अडकवली. श्रीकांत म्हणाला, ठेव की, इथे कोण नेणार आहे. मी तशीच रांगेत उभी राहिले.

तेवढ्यात इराचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. आम्हाला घर मिळालं, जुनं आहे, पण मागे अंगण आहे, दोन खोल्या उन्हाच्या आहेत, तू आलीस की तुला एक. किती मोठं, केवढ्याचं, स्वयंपाकघर कसं, आईने विचारावं असं मी काहीच विचारलं नाही.

"इरा," मी म्हटलं, "पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"