तीळ टाळत मदिन्याला

आर्णीहून मदिन्याच्या यात्रेला निघताना आमच्या सनाच्या दंडाला दोन गोष्टी बांधल्या होत्या. एक तिच्या दादीनं बांधलेला इमाम जामिन (प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला बांधतात ते नाणं गुंडाळलेलं फडकं) आणि दुसरी माझी, प्लास्टिकच्या पाकिटातली अरबी चिठ्ठी. सना सात वर्षांची आहे आणि तिला तीळ चालत नाहीत. चार दाणे पोटात गेले तरी ओठ सुजतात, श्वास कोंडतो. दोनदा तिला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात धावलो आहोत. तेव्हापासून मी घारीसारखी नजर ठेवून असते.

त्या चिठ्ठीचीही एक गंमतच झाली. आमच्या हाफिजसाहेबांना कुराण तोंडपाठ, पण तिळाला अरबीत काय म्हणतात ते काही आठवेना. शेवटी जेद्दाला दहा वर्षं गाडी चालवून आलेल्या माझ्या मामेभावानं शब्द पुरवला. वर तिथल्या कुठल्या कुठल्या रोटीवर तीळ असतात तेही सांगितलं. आमच्या गल्लीत प्रत्येकाला सनाचं पथ्य माहीत आहे. शेजारच्या वंदनाताई संक्रांतीला आधी तिच्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू करतात आणि मगच तिळाची कढई चढवतात. मदिन्यात तिला कोण ओळखणार होतं?

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, असली काही काळजी नव्हती. त्यांचे वडील हजहून आले तेव्हा मदिन्याच्या तीळ लावलेल्या गोल रोटीचं, शुरैकचं, वर्णन करताना थकत नसत. ती रोटी एकदा खायची, ही अम्मींची लहानपणापासूनची इच्छा. त्या मला म्हणाल्या, "मदिन्याची रोटी हाय ते, बेटा. तिनं कोणाले काही होत नाही. तू कायले इतकी भेऊन राह्यली?" त्यांच्यावरही नजर ठेवायची हे मी मनात पक्कं केलं.

नागपूरच्या विमानतळावर तपासणीत आमची पिशवी अडली. डॉक्टरांचं पत्र दाखवल्यावर सनाची ॲलर्जीची दोन इंजेक्शनं सुटली, पण ज्वारीच्या दशम्यांचा डबा बाजूला काढला गेला. शिपायानं झाकण उघडलं, वास घेतला आणि हसला. तो पुसदचा निघाला. पिशवी परत देताना, पोरीला विमानात उपाशी ठेवू नका, एवढंच म्हणाला.

जेद्दाहून मदिन्याला बसनं गेलो. दोन्ही बाजूंना काळे, उघडेबोडके डोंगर, नावालाही झाड नाही. सनाचे अब्बा दुचाकीचे मिस्त्री, त्यामुळे ते सगळा रस्ता इंजिनाचा आवाज ऐकत बसले. हॉटेलातला आचारी बंगाली होता. मी चिठ्ठी पुढे केली तेव्हा त्यानं ती दोनदा वाचली, मला आत नेऊन घासलेलं पातेलं दाखवलं आणि त्यातच रोज सनाचा भात शिजवला. त्या माणसाला मी अजून दुवा देते.

गुरुवारी संध्याकाळी मशिदीत बायकांच्या बाजूला रोजा (सोमवार-गुरुवारचा ऐच्छिक उपवास) सोडण्यासाठी सुफरे (जमिनीवर अंथरायचे लांब प्लास्टिक) पसरले होते. त्यावर खजूर, दही, कहवा आणि तीच ती तिळाची रोटी. प्रत्येक सुफऱ्यावरच्या बायका येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून बसवत होत्या, कारण आपल्या अन्नावर दुसऱ्याचा रोजा सुटला तर पुण्य लागतं. आमच्याकडेही पाहुण्याला आग्रह होतो, पण हा आग्रह आमच्या वरताण होता. मी पाण्याचा पेला भरायला वळले. परत पाहते तर सनाच्या तळहातावर रोटीचा तुकडा आणि अम्मींचा हात तिच्या मनगटावर.

मी ओरडलेच. "अम्मी, इतकं सांगूनही दिली ना तुम्ही?"

सगळ्या बायका वळल्या. मी तुकडा फेकला, सनाचा हात पाण्याखाली धरला. तोंडात काही गेलं नव्हतं, पण तळहात लाल झाला होता. एका म्हाताऱ्या अरब बाईनं दंडावरची चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला. तुकडा आपणच दिल्याचं त्या बाईंनी खुणेनं सांगितलं. त्यांनी अख्खा सुफरा तिळांसकट गुंडाळला, नवा अंथरला आणि आमच्यापुढे फक्त खजूर ठेवले. मी इंजेक्शन हातात धरून अर्धा तास सनाचे ओठ बघत बसले. लाली हळूहळू उतरली.

तेव्हा सना म्हणाली, "दादीनं नाही दिली. दादी तर हिसकून राह्यली होती. ते स्वतः पण खात नाही रोटी. एकडाव पण नाही खाल्ली."

मी अम्मींकडे पाहिलं. त्या खाली मान घालून खजुराची बी काढत होत्या.

"पोरीले माह्याच हातानं भरवा लागते," त्या म्हणाल्या. "मंग त्या हाताले तीळ कसे लावू?"

सहा दिवस मी त्यांच्यावर चोरासारखी पाळत ठेवली होती. जन्मभर जिची वाट पाहिली ती रोटी रोज तीनदा पुढे येत होती आणि माझ्या लेकीसाठी ती बाई हात आखडता घेत होती. मला धरणी दुभंगावी असं झालं. मी तिथेच त्यांचे हात धरून माफी मागितली. त्यांनी माझ्या तोंडात खजूर कोंबला.

निघायच्या दिवशी मी एक शुरैक विकत घेतली, तीन पिशव्यांत बांधली आणि सनाच्या अब्बांच्या सुटकेसमध्ये तळाशी ठेवली.

आर्णीला आल्यावर घर पाहुण्यांनी भरलं. परदेशात ॲलर्जीच्या पोरीला कसं सांभाळलं, असं जो तो विचारतो. मी पत्र, इंजेक्शनं, चिठ्ठी, सगळं सांगते. पण आता पहिलं नाव अम्मींचं घेते.

तिसऱ्या दिवशी मी शुरैकचं ते पुडकं घरात न उघडता थेट वंदनाताईंच्या ओसरीवर नेलं आणि अम्मींना तिथे बोलावलं. रोटी कडक झाली होती. अम्मींनी ती चहात बुडवली, अर्धी वंदनाताईंना दिली आणि डोळे मिटून सावकाश खाल्ली. त्यांचे वडील सांगायचे तशीच आहे म्हणाल्या. मग पदरावरचे तीळ एकेक वेचले, चूळ भरली आणि नळाखाली साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला घेतले.

आमच्या दारातून सना त्यांना हाका मारत होती.

"थांब व माय," अम्मी तिथूनच म्हणाल्या, "अजून एकडाव धुऊ दे."