उशाशी बसलेल्याची हजेरी

आजारी आईजवळ बसलेला मुलगा गैरहजर असतो का? हा प्रश्न मी दोन देशांत विचारला आणि मला दोन उत्तरं मिळाली.

आमचं एकोडी गाव सोडलं त्या सकाळी आई माझ्यापुढं तलावाच्या पारीवरून, म्हणजे मातीच्या उंच बांधावरून, चालत होती. पलीकडं साकोलीची बस थांबायची. माझ्या पेटीत अमेरिकेत कायम राहण्याच्या परवानगीचे, ग्रीन कार्डाचे कागद, तिच्या हातात चिन्नोर तांदळाची पुरचुंडी. बाबा वारले होते. त्यांनी आयुष्यभर साकोलीच्या बाजारात समतेच्या चळवळीची पत्रकं वाटली. मी अक्षरं शिकलो ती त्याच पत्रकांवर. "आंधी वाच, मंग भांड," असं ते सांगत. आई एवढंच म्हणाली, "तिथचा पक्का हो बाबू, मंग मले ने. एकटी कायले राहू?"

पक्का होणं म्हणजे नागरिक होणं. ग्रीन कार्डवाल्याला आईला बोलावता येत नव्हतं, नागरिकाला येत होतं. त्यासाठी तिथं सलग पाच वर्षं राहायचं होतं.

डेट्रॉइटच्या कारखान्यात मी यंत्रांचे नकाशे काढू लागलो. पहिल्या हिवाळ्यात नदीकाठी गेलो आणि तसाच थिजलो. पाणी असं दगडासारखं उभं राहू शकतं, हे आमच्या तलावानं कधी सांगितलं नव्हतं. त्याहून थक्क झालो ते एका सोबत्याच्या नागरिकत्वाच्या शपथविधीला. कुठकुठली माणसं एका रांगेत, सगळ्यांचे उजवे हात वर. बाबांच्या पत्रकांतला समतेचा शब्द मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. या रांगेत मी असणार, आणि मग आई येणार!

तीन वर्षं झाली आणि तार आली. भात रोवण्याच्या दिवसांत आई बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. परत येण्याचा सरकारी परवाना काढला आणि निर्धास्त होऊन गावी आलो.

हाड वाकडं जुळलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी ते पुन्हा बसवलं. हिवाळा गेला, वैशाख आला. वैशाखात आमच्याकडं तलावाची पार दुरुस्त करतात. तलावाखाली ज्याची बांधी, त्या घरचा एक माणूस मातीकामाला हवाच. जो येत नाही, त्याला पाणी सगळ्यांत शेवटी. आमच्या घरचं कुणीच गेलं नाही.

पारीचं काम बघणारे सदारामकाका दारात आले. "काहून रे, अमेरिकेच्या साहेबाले घमेलं जड होते वाटते?"

मी मान खाली घातली. "आईले उठवाले-बसवाले कोणी नाई, काका. आमचं पाणी शेवटी ठेवा."

"येडा-बयाड हाय का? आजाऱ्याच्या उशाशी बसला, तो पारीवरच हाय."

आतून आईनं खाटेवरूनच टोला दिला, "सदाराम, तू तं सावलीत बसून हजर राहतं!" काका हसत गेले.

ओसरीवरून मला पार दिसत होती. माणसामागं माणूस, हातातून हातात घमेली, आणि बोटाबोटानं वर चढणारी माती. कोणी साहेब नाही, शिक्का नाही. पावसाळ्यात आमच्या बांधीला ठरल्या वेळी पाणी आलं. आई काठी टेकत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसली, रोप निवडून द्यायला लागली, तेव्हाच मी निघालो. वर्ष उलटून गेलं होतं.

विमानतळावर परवाना दाखवला, आत घेतलं. पुढं पाच वर्षं भरली असं समजून नागरिकत्वाचा अर्ज केला. समोरच्या वयस्क अधिकारी बाईंनी पासपोर्ट चाळला आणि शांतपणे सांगितलं: परवान्यानं दार उघडं राहतं, पण मुक्काम तुटतो. वर्षाहून जास्त बाहेर राहिलात, आता मोजणी परतल्यापासून.

मी भांडलो. आईचं हाड सांगितलं, सदारामकाकांचा नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, छापील नियम माझ्याकडं वळवला आणि मी वाचेपर्यंत थांबल्या. "तुमच्या गावचा नियम चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पण माझ्या हातात हा आहे." ओळख नको, चिरीमिरी नको, राजाला आणि रंकाला हेच उत्तर मिळालं असतं. त्या सरळपणाचा मला राग आला आणि त्यापुढं मी नमलोही. बाबांचं सांगणं मी अर्धंच पाळलं होतं. आंधी वाचलं नव्हतं.

आईला कॅसेट भरून पाठवली. तिची उलट कॅसेट आली. मागं कोंबडा आरवत होता. "रडून काहून राहिला रे? थांबली एवढी, आणखी थांबीन. पन माह्याजवळ बसला ते दिवस वाया गेले म्हणशील तं बडवीन."

माझी मोजणी चालू आहे. आईचं वयही थांबलेलं नाही. घर म्हटलं की मला आता ओसरीवरून दिसणारी ती पार आठवते. तिथं मी नसतानाही हजर होतो.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनो, तुमच्यापैकी ज्यांनी उजवा हात वर करून शपथ घेतली, त्यांना इथं मत आहे. मला अजून नाही. म्हणून मागणं तुमच्याकडं: आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला आजच एक पत्र टाका. एकच ओळ पुरे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस हजर धरा.