हळू, हळू, झटपट

हळूबाईंना मागे वळून बघताना मी कधी पाहिलं नाही, आणि त्या तर तासन्‌तास मागेच चालायच्या. उलट्या पावलांनी, ताठ मानेनं, समोरच्या माणसाच्या दंडावर चार बोटं टेकवून. भिंत हातभर अंतरावर आली की त्यांचं पाऊल आपोआप बाजूला वळायचं. नव्या बायका घाबरून मान वळवायच्या, तेव्हा त्या म्हणायच्या, "मागे काय आहे ते पुढच्यानं बघायचं. त्यासाठीच त्याला पुढे ठेवलंय." त्यावर सगळे हसायचे. मीही हसायचो.

पुण्याच्या लष्कर भागातल्या एका जुन्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचा बॉलरूम नाचाचा वर्ग होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. सुती साडी, पायात मऊ तळाचे काळे बूट. फॉक्सट्रॉट हा त्यांचा लाडका नाच. त्याची पहिली आकृती अगदी बाळबोध आहे. दोन संथ पावलं पुढे, मग एक चटकन बाजूला, आणि दुसरं चटकन त्याच्याजवळ आणून जोडायचं. हे इंग्रजीत मोजायची पद्धत आहे, पण बाईंनी ते मराठीत आणलं होतं. हळू, हळू, झटपट. 'झट'ला पाय बाजूला, 'पट'ला जोडलेला. मोजता मोजता त्यांचं नावच हळूबाई पडलं. ते त्यांना ठाऊक होतं. "चेटकीण म्हणत नाहीत हेच पुष्कळ आहे," असं त्या म्हणत.

माझा धंदा पाडकामाचा. जुनी इमारत उतरवायची आणि तिचं लाकूड, लोखंड, दारं-खिडक्या मालकाला भाव देऊन उचलायच्या. मांजरी गावाहून सायकलवर यायचो, राडारोडा डोक्यावर वाहून सुरुवात केली. आज कात्रजला माझी जुन्या लाकडाची वखार आहे. मला कोणी हात दिला नाही. जे आहे ते घासाघीस करून उभं केलेलं आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

त्या इमारतीच्या मालकाला ती पाडून नवी बांधायची होती, म्हणून त्यानं मला बोलावलं. माझा डोळा वरच्या मजल्याच्या जमिनीवर होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी फळ्या, त्यांच्याखाली सागवानी तुळया. असं लाकूड आता बघायला मिळत नाही. जिना चढून दारात उभा राहिलो आणि आत पाऊल टाकायच्या आधीच मालकाला म्हणालो, "लाकूड किडलंय." आमच्या धंद्यात तसं म्हणायचंच असतं. मालकालाही ते माहीत असतं. भाव तिथून सुरू होतो. पण दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन हळूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"तुम्हाला दारातून किडा दिसतो? माझा चष्मा बदलायला हवा," त्या म्हणाल्या.

मला फळ्या उचकटून, हातोडीनं ठोकून बघायच्या होत्या. बाईंनी हातोडीला साफ मनाई केली. जागा अजून माझ्या ताब्यात आहे, म्हणाल्या, आणि या जमिनीवर शिकणाऱ्याखेरीज कोणी पाय ठेवत नाही. मी म्हणालो, मग शिकतो. मला वाटलं होतं, महिनाभर त्या जमिनीवर हिंडलो की तुळई न तुळई पाठ होईल. फी कमी करा म्हणून मी अर्धा तास बसलो. मला फक्त चालायचं आहे, नाच अर्धाच शिकवा, असंही सुचवून पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचे पाय दोन आहेत ना? मग फी पूर्ण." आयुष्यात इतक्या थोडक्यात मला कोणी गप्प केलेलं नाही.

पुरुषांनाही त्या आधी मागे जायला शिकवत. पहिल्या दिवशी मला समोर उभं करून म्हणाल्या, "पाय मागे घ्या." मी तसाच उभा. आमच्याकडे पाय मागे घेणं म्हणजे बोललेल्या सौद्यातून अंग काढणं. मी तीस वर्षांत पाय मागे घेतलेला नाही, असं मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं. "म्हणूनच कडक झालाय," त्या म्हणाल्या, आणि दोन बोटांनी मला असं काही ढकललं की मी आपसूक मागे गेलो. हळू, हळू, झटपट. मागे जाणारा माणूस काहीच बघत नाही, फक्त समोरच्याच्या हाताचा कल ओळखतो. मला घाम फुटला होता. भिंत पडताना मी खाली उभा राहिलेला माणूस आहे, तेव्हाही इतका फुटला नव्हता.

पुढे जाताना मात्र मी त्यांना आवडलो. फॉक्सट्रॉटमध्ये पुढचं पाऊल टाचेवर टाकायचं असतं, आणि जमिनीवर टाच टाकून आवाज ऐकण्यात माझा जन्म गेलेला. "पाडकाम, टाच छान आहे तुमची," त्या म्हणायच्या. मला त्या पाडकामच म्हणत. "खांदे खाली, पाडकाम. इमारत काही पळून जात नाही." माझी जोडीदार मृण्मयी नावाची मुलगी होती, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारी. ती म्हणायची, "काका, तुम्ही मला लीड करताय की फरशी चेक करताय?" दोन्ही करत होतो. महिना संपला आणि मी दुसऱ्या महिन्याची फी भरली, या वेळी घासाघीस न करता. का भरली ते मला विचारू नका. सौदा अजून मालकाशी अडलेला होता, एवढंच कारण मी घरी सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी मृण्मयीला घेऊन मी खिडकीकडच्या कोपऱ्यात गेलो. हळू म्हणत टाच टाकली आणि आवाज भद्द आला. बाकीची जमीन टणक बोलायची, हा कोपरा ओल्या पोत्यासारखा. मी पाऊल परत टाकलं. पुन्हा भद्द, आणि फळी केसभर दबली. मी मृण्मयीला दंडाला धरून मागे ओढलं. ती हसली, तिला वाटलं मी मोजताना चुकलो. खाली उतरून बाहेरून बघितलं. पावसाच्या पाण्याचा नळ नेमका त्या कोपऱ्यात फुटलेला, भिंत छातीएवढ्या रुंदीत काळी पडलेली. तुळईचं टोक भिंतीत कुजलं होतं. डोळे मिटून सांगितलं असतं.

वर्ग सुटल्यावर मी बाईंना सांगितलं. त्या बूट कापडानं पुसत होत्या. म्हणाल्या, "हो, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत."

मी म्हणालो, ते वेगळं होतं. हे खरं आहे.

"मग त्या दिवशी काय होतं?"

मी समजावत राहिलो. नळ सांगितला, ओल सांगितली, टाचेचा आवाज सांगितला. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचं म्हणणं असं, की मालक वर्ग हलवा म्हणून मागे लागलाय, आणि त्याच सुमारास मला नेमका कोपरा सापडतो. वर्ग हलला की जागा मोकळी, आणि जमीन कुजकी ठरली की मला लाकूड स्वस्तात पडणार. यात न समजण्यासारखं काय आहे, असं त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं. मग बूट पिशवीत घालत म्हणाल्या, "असं करा. हे लाकूड मला नको, असं मालकाला लिहून द्या. मग येऊन मला हेच सांगा. त्याच दिवशी कुलूप लावते."

मला तो टोमणा वाटला. पुण्यात कोण कधी टोमणा मारतं आणि कधी सरळ बोलतं हे ओळखणं अवघड आहे, आणि माझं डोकं तर चटकन तापतं. तसलं सागवान सोडून देऊ? चांगलं सांगायला गेलो म्हणून? मी जिन्यात जाऊन ओरडलो, "मग मरा हितंच." रागावलो की माझ्या तोंडात मांजरीची बोली येते. वरून त्यांचा आवाज आला, "हळू उतरा, पाडकाम. जिना तरी चांगला आहे ना?"

त्यानंतर मी गेलो नाही. मालकाला एक फोन केला आणि कोपरा धोक्याचा आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, तुमचा जुना आकडा मला मान्य नाही, नवा बोला. मी फोन ठेवला.

पुढचं मला मृण्मयीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंतीकडच्या खुर्च्या आणून त्या कोपऱ्याभोवती आडव्या मांडल्या. वर्गाला म्हणाल्या, "इकडे कोणी यायचं नाही. पाडकामवाल्यांना इथे किडा दिसलाय." सगळे हसले. पण नाचता नाचता कोणाचं पाऊल तिकडे वळलं की त्या मोजणं थांबवून त्याला परत आणायच्या. तीन आठवडे खुर्च्या तशाच राहिल्या. वर्ग अर्ध्या जागेत चालला.

मग एका शनिवारी संध्याकाळी वारा सुटला आणि त्या कोपऱ्यातली खिडकी आपटायला लागली. मोजणं चुकायला लागलं. एक जण खिडकी लावायला निघाला. बाईंनी त्याला हातानं अडवलं. "तुमचे पाय अजून जड आहेत," त्या म्हणाल्या आणि एक खुर्ची सरकवून स्वतः गेल्या. मृण्मयी सांगते की त्या टाच न टेकवता, चवड्यांवर गेल्या. खिडकी लावली. कडी घातली. आणि वळून वर्गाकडे तोंड केलं.

मला फोन आला तेव्हा मी वखारीत होतो. "काका, मॅम पडल्या. कॉर्नर गेला." बाकी कोणालाही ओरखडासुद्धा उठला नव्हता.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि छातीत पाणी साठत होतं. पांघरुणाखाली त्या एवढ्याशा झाल्या होत्या. मी खरं म्हणजे भांडायलाच गेलो होतो. बाहेर लोक काय बोलत होते ते माझ्या कानावर आलं होतं, की पाडकामवाला टपूनच बसला होता, आता लाकूड स्वस्तात उचलेल. मी पलंगाशेजारी उभा राहून म्हणालो, मी पुढे होतो, मी बघितलं होतं, मी सांगितलं होतं. तुम्हीच शिकवलं होतंत ना, पुढच्यानं बघायचं?

त्यांनी पांघरुणाखालून हात बाहेर काढला.

"सांगितलंत की," त्या म्हणाल्या. "पण खरं बोलतानाही तुमचा आवाज तोच असतो हो. मी कसं ओळखायचं?"

मग त्यांनी डोळे मिटले आणि पांघरुणावर दोन बोटं हलवली. आधी मला वाटलं, जा म्हणताहेत. त्या मोजत होत्या. पाच आठवड्यांनी त्या गेल्या.

इमारत मीच उतरवली. मालकानं आधी मागितलेल्याच भावानं घेतली, एक पैसा कमी केला नाही. मालक चकित झाला, पण नको म्हणाला नाही. त्या कोपऱ्यातली तुळई मी माझ्या हातानं भिंतीतून ओढली. तिचं टोक माझ्या मुठीत आलं, भिजलेल्या भुशासारखं. मी ते मालकाला दाखवलं, माझ्या माणसांना दाखवलं, मृण्मयीला फोटो पाठवला. ज्यांना दाखवायचं होतं त्या नव्हत्या. मी आजही म्हणतो की बाईंनी ऐकायला हवं होतं. माणूस रोज खोटं बोलत असेल, पण एखाद्या दिवशी तो घामाघूम होऊन सांगतो, एवढं तरी दिसायला हवं होतं. ही तक्रार मी कोणाकडे घेऊन जाऊ?

ती सागवानी जमीन वखारीत रचून ठेवली आहे. गिऱ्हाईक आलं की मी भाव इतका सांगतो की ते निघून जातं.

गेल्या आठवड्यात येरवड्याला एक जुनी इमारत बघायला गेलो होतो. खाली रिकामे गाळे, वर मुलांची शिकवणी. मालक बरोबर होता. मी खालून छत बघितलं. मधल्या तुळईला पोटात बाक आला होता आणि भिंतीशी ओल उतरली होती. मी म्हणालो, "लाकूड किडलंय."

मालक हसला. ते हसणं मला पाठ आहे. म्हणाला, "बोला, किती कमी करायचं?"

वर शिकवणी सुटत होती. चाळीसेक पाय एकदम उठले आणि बाकाखालून दप्तरं ओढल्याचा आवाज आला. तुळईतून बारीक माती माझ्या हातावर पडली. मी पाय मागे घेतला, एक, मग दुसरा, आणि त्याला म्हणालो, "हे लाकूड मला नको. फुकट नको. तुम्ही म्हणाल तसं लिहून देतो. आता माझं ऐका."

त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. ही घासाघिशीची कुठली नवी तऱ्हा, याचा तो विचार करत असावा. मी कागद मागितला. तो खिसे चाचपू लागला. वर पोरं दाराकडे धावत होती, आणि त्यांच्यात हळू चालणारं कोणीच नव्हतं.