सुधाकरचं ताट

जयपूर स्टेशनच्या बाहेर मी दोन माणसं शोधत होते. एक मेरी साळवे. तिला मी फोनवरच ओळखत होते, आणि हिरवी शाल पांघरून येते असं तिनं सांगितलं होतं. दुसरा माझा धाकटा भाऊ सुधाकर. सहा वर्षांनी तो कसा दिसत असेल, दाढी वाढली असेल की टक्कल पडलं असेल, काही कल्पना नव्हती. हिरवी शाल दिसली. शालीशेजारी कुणीच नव्हतं.

"एकटीच आलात?" मी पिशवी खाली न ठेवताच विचारलं.

मेरी चाळिशीची, गोल चेहऱ्याची बाई. आजोबा नगरकडचे, पण ही जन्मली-वाढली जयपुरात, त्यामुळे मराठी अडखळत बोलते. म्हणाली, "ताई, मी सांगणार होती. मतलब, फोनवर हिंमत नाही झाली. भैया दोन रविवार दिसले नाहीत."

अंगाचा तिळपापड झाला माझा. भुसावळहून एवढी गाडीत आखडून आले ते हे ऐकायला? पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे रागावायला मला वेळ लागत नाही. भर रस्त्यात मी तिला झापलं. ती बिचारी मान खाली घालून ऐकत राहिली आणि मग माझी पिशवी उचलून रिक्षा थांबवायला गेली.

रिक्षात थंडी नुसती झोंबत होती. संक्रांत होऊन गेलेली, तरी विजेच्या तारांना आणि झाडांना पतंगांचे सांगाडे लटकलेले होते. इथे संक्रांतीला अख्खं शहर गच्चीवर असतं म्हणे. मेरी मला एकेक दाखवू लागली, ही गुलाबी भिंत, तो किल्ला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. हवामहल पाहिला का, असं आता घरी सगळे विचारतात. नाही पाहिला.

आमचा सुधाकर रेल्वेत होता. बदली होऊन जयपूरला आला, लग्न टिकलं नाही, मग डोकं बिघडत गेलं. नोकरी सोडून माझ्याकडे भुसावळला आला. रात्र रात्र येरझाऱ्या, दिवसभर स्वतःशीच बोलणं. एका सकाळी चहा न घेताच निघून गेला. आम्ही पोलिसात कळवलं, पेपरात फोटो दिला, सगळं केलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी दुपारी मी गाढ झोपले होते. सुटल्यासारखं वाटलं होतं मला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मेरीच्या मंडळीला तो सापडला जेवणाच्या पंगतीत. पंचवीस-तीस माणसांची ही ख्रिस्ती मंडळी. कुणी नर्स, कुणी शिवणकाम करणारं, कुणी दुकानात. झोटवाड्यात (कारखाने, बाजार आणि कामगारवस्तीचा गजबजलेला भाग) एका फरशीच्या दुकानाखालचं तळघर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. रविवारी सकाळी तिथे उपासना, आणि नंतर फुटपाथवर राहणाऱ्या माणसांना जेवण. एके दिवशी मेरी वाढत असताना एक दाढीवाला पुटपुटला, "मीठ जास्त झालंय." तिच्या हातातला डाव थांबला. आजी गेल्यापासून मराठीत कुणी तिला नावं ठेवली नव्हती! हळूहळू त्यानं गाव सांगितलं, बहीण शाळेत बाई आहे म्हणाला, शाळेचं नाव सांगितलं. मेरीनं शाळेत फोन लावला आणि शाळेनं माझ्याकडे.

"प्रार्थना संपली की सगळे आमेन म्हणतात," मेरी सांगत होती. "भैया आमेन म्हणून मग जय भीम म्हणतात. आता बाकीचे पण म्हणतात."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

मेरीच्या दोन खोल्यांत माझी पथारी पडली. संध्याकाळी तिनं विचारलं, राबडी घेणार का? मी खूश. गोड, दाट, वर बदाम असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. समोर आली ती बाजरीच्या पिठाची ताकात शिजवलेली आंबट पेज. हात्तिच्या! मी तोंड वाकडं केलं, पण पोटात ऊब आली, मग दुसरी वाटी मागून घेतली.

तेवढ्यात दानिएलजी आले. हे मंडळीचे पुढारी, बांसवाड्याकडचे, सडपातळ, वायरिंगची कामं करणारे. त्यांनी हात जोडले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "बाईसा (ताईसाहेब), चूक आमची आहे."

चूक कळायला आधी त्यांची रीत कळायला हवी. हे लोक पत्रावळीवर वाढत नाहीत. जो माणूस चार रविवार आला, त्याला स्टीलचं ताट, आणि त्यावर त्याचं नाव. दानिएलजी स्वतःच्या हातानं, मशीननं टिंबाटिंबानं कोरतात, आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. जगात ज्याच्या नावाचं काही नाही, त्याचं निदान ताट तरी असावं, असं त्यांचं म्हणणं. ताटं तळघरातल्या कपाटात असत. माणूस आला की आपलं ताट स्वतः काढून घेई. सुधाकरनं म्हणे नाव कसं घालायचं यावरून वाद घातला होता. नुसतं सुधाकर चालणार नाही, घरच्या भांड्यांवर असतं तसं पूर्ण हवं. मग कोरलं, "सु. भि. तायडे, भुसावळ".

मग तळघर गेलं. घरमालक वाईट नव्हता, पण शेजाऱ्यांनी त्याच्यामागे तगादा लावला. असली माणसं दारात जमतात, बायकामुलांना भीती वाटते, आणि आत काय भजनं चालतात कोण जाणे. एका रविवारी त्यानं सांगितलं, आजचा शेवटचा. कपाट ठेवायला जागा नव्हती. दानिएलजींनी ज्याचं ताट त्याच्या हातात दिलं.

"वाटलं, आपापलं ताट, आपापल्याजवळ ठेवतील," ते म्हणाले. "ज्याला कुलूप नाही, तो ताट ठेवणार कुठे, हे डोक्यातच आलं नाही."

कुणाचं चोरीला गेलं, कुणी भंगारात विकलं. आणि ज्यांचं गेलं ते यायचेच बंद झाले. ताट नाही, तर कोणत्या तोंडानं जायचं? मंडळीनं हिंडून हिंडून सांगितलं, नुसते या, पानावर वाढतो. काही आले, काही नाही आले. सुधाकर त्या न आलेल्यांत.

"पण मी येणार हे त्याला माहीत होतं ना?" मी विचारलं.

मेरी माझ्याकडे बघेना. तळघरातल्या त्या शेवटच्या रविवारी तिनं त्याला सांगितलं होतं, पुढच्या रविवारी ताई येणार. कारण मी तसं कबूल केलं होतं. आणि मधल्या आठवड्यात मीच फोन करून तारीख पुढे ढकलली. सुनेचं डोहाळेजेवण ठरलं होतं. सहा वर्षं गेली, तिथे पंधरा दिवसांनी काय होतंय, असं म्हणाले होते मी. हेच शब्द. हा बदललेला निरोप सुधाकरला द्यायला मेरीला तो पुन्हा दिसलाच नाही.

स्टेशनबाहेर मी हिलाच भर रस्त्यात झापलं होतं. आता बोलायला तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला शोधलं. देवळांच्या पायऱ्या, सरकारी दवाखान्याचं आवार, रैन बसेरा (बेघरांसाठीचा निवारा). मी फोटो दाखवत होते, तोही सहा वर्षांपूर्वीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. लोक फोटो नीट बघत आणि मान हलवत. एका म्हातारीनं उलट मलाच विचारलं, "जीम लियो?" (जेवलीस का?) आणि स्वतःजवळची अर्धी कचोरी पुढे केली. मी खाल्ली. नाही म्हणायचं बळ नव्हतं.

शनिवारी दानिएलजी विद्याधर नगरात जागा बघायला निघाले, मी मागे लागून गेले. घरी बसवत नव्हतं. रुंद रस्ते, आखीव घरं, मागे उघडाबोडका डोंगर. एका बंगल्याच्या मालकीणबाईंनी चहा दिला, हॉल दाखवला, खिडक्या उघडून दाखवल्या. काय करणार विचारलं. दानिएलजींनी खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं. प्रार्थना आणि जेवण, म्हणाले. कुणाचं जेवण? तेही सांगितलं. बाईंनी खिडक्या एकेक करून परत लावल्या. योगाचा क्लास असता तर चाललं असतं, म्हणाल्या. अगदी गोड आवाजात.

"हे कितवं घर?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"मोजणं सोडलंय," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

मला चीड आली होती त्या बाईची. मग मनात आलं, भुसावळला माझ्या घरावरची खोली रिकामी आहे. अशी मंडळी दारात आली असती, तर मी काय केलं असतं? मीही चहाच दिला असता.

रविवारी उपासना मेरीच्या घरी झाली. निम्मे आत, निम्मे जिन्यावर. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गाणी दबक्या आवाजात म्हटली. मला त्यांच्या देवाचं काही कळत नाही, मी बुद्धवंदना म्हणणारी बाई. पण सुधाकरचं नाव प्रार्थनेत आलं तेव्हा मी हात जोडले. आमेन झालं, आणि कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "जय भीम." तेव्हा मात्र माझा बांध फुटला.

मग पातेली हातगाडीवर घालून आम्ही भाजीबाजारामागच्या भिंतीपाशी गेलो. आता जेवण तिथेच असतं, उघड्यावर. बाजरीचा गरम खिचडा, वर थोडं तूप. मंडळीतला एकजण मात्र तळघराच्या बंद दारापाशी जाऊन बसला. कुणी चुकून तिकडे आलं तर त्याला भिंतीकडे पाठवायला. ही व्यवस्था त्यांना आठवडाभर उशिरा सुचली होती. मी येणार होते त्या रविवारी दारापाशी कुणीच नव्हतं.

मी डाव हातात घेतला. रांगेत कुणाच्या हातात ताट, कुणाच्या हातात पान. मी वाढत होते, चेहरे बघत होते. पुढे आलेल्या ताटावर खिचडा घालणार तोच काठावरची अक्षरं दिसली. सु. भि. तायडे, भुसावळ.

ताट धरलेला माणूस सुधाकर नव्हता. खप्पड गालांचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला, साठीचा कुणी.

"मेल्या चोरा!" मी ताट हिसकावलं. "कुठून आणलंस? माझ्या भावाचं आहे हे! लाज नाही वाटत?" सगळं मराठीत, शाळेतल्या आवाजात. रांग थिजली. मेरी धावत आली.

तो माणूस पळाला नाही, की चिडलाही नाही. त्याचं नाव बनवारी. "तुम्ही भुसावळच्या?" त्यानं हिंदीत विचारलं. "त्याची बहीण?"

माझी मान कशीबशी हलली.

"चोरलं नाही. त्यानंच दिलं मला. माझं कुणीतरी उचललं होतं. तो म्हणाला, हे घे, मला आता काय करायचंय? रविवारी माझी बहीण येतेय न्यायला."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. बनवारी माझ्यासमोर उकिडवा बसला आणि सांगू लागला. मला ते ऐकवत नव्हतं, आणि एक शब्दही सोडवत नव्हता. त्या रविवारी सुधाकरनं हापशावर अंघोळ केली, एवढ्या थंडीत. न्हाव्याकडून दाढी करून घेतली. सकाळपासून तळघराच्या दाराशी बसला. बनवारी म्हणाला, चल, भिंतीपाशी जेवण आहे, खाऊन ये. तर म्हणाला, मी गेलो आणि ती आली तर? बनवारीनंच मग त्याच्यासाठी रोट्या आणल्या. संध्याकाळपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशीही बसला.

"मग?"

"मग म्हणाला, तिला जयपूर माहीत नाही, स्टेशनवरच चुकली असेल. मी घ्यायला जातो. आणि गेला."

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"मागचा रविवार तापात गेला, बाईजी. आणि मला विचारलं कुणी?"

हातातलं ताट मी बघत राहिले. मला ते हवं होतं. छातीशी धरून घरी न्यावं असं वाटत होतं. पण त्यानं ते दिलेलं होतं, आणि समोरचा माणूस उपाशी होता. मी उठले, पदरानं ताट पुसलं, खिचडा वाढला, तूप जरा जास्तच घातलं. "माफ करा," मी म्हटलं. बनवारी तिथेच बसून जेवला. मीठ बरोबर झालंय का, असं मी त्याला दोनदा विचारलं.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची वेळ होईपर्यंत मी आणि मेरी स्टेशनभर फिरलो. हमाल, चहावाले, झाडूवाल्या बायका. एका चहावाल्याला आठवत होता. गुळगुळीत दाढी केलेला, प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या बायकांची तोंडं बघणारा. दोन-तीन दिवस होता म्हणे. नंतर कुठल्या गाडीत चढला की कुणी हटकलं, ते त्याला माहीत नव्हतं.

मेरीनं मला गाडीत बसवून दिलं. मंडळीला जागा अजून मिळालेली नव्हती. "दारापाशी आम्ही बसत राहू, ताई," ती म्हणाली. मी तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर नुसती धूळ आणि खुरटी झाडं. जागा लागते ती डोक्यावर छप्पर म्हणून, असंच मी आजवर समजत होते. आपल्या माणसाला आपण सापडावं म्हणूनही जागा लागते. त्या लोकांचं तळघर गेलं, माझी तारीख हुकली, आणि मधल्या मध्ये सुधाकर हरवला. त्यांच्याकडून चूक झाली हे खरं, पण त्यांनी ती पहिल्या वाक्यात कबूल केली. मी डोहाळेजेवणाला हिरवी साडी नेसून फोटो काढून घेत होते, आणि तो दाढी करून दाराशी बसला होता.

भुसावळला मुलगा घ्यायला आला होता. पिशवी हातात घेत त्यानं माझ्या मागे पाहिलं, डब्याच्या दाराकडे पाहिलं, आणि विचारलं, "मामा कुठे आहे?"

मी म्हटलं, "मला घ्यायला स्टेशनवर गेलाय."