तिसऱ्या दिवसाचा ताप

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कोणी ऐकलेली नाही. माझ्या मुलीनं नाही, आणि ज्यांच्यासोबत रोज सकाळी फिरायला जातो त्या रिटायर्ड सोबत्यांनीही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ या एका ठिकाणी येऊन अडते.

आमच्या नात्यागोत्यात एक वाक्य पक्कं झालं आहे. "बाबाले करोनाची लस लय बाधली होती." लग्नाकार्यात कोणी लशीचा विषय काढला की माझ्याकडे बोट दाखवून हे सांगतात. कोणी हळहळतं. मी मान खाली घालून जेवत राहतो. वाक्य अर्धं खरं आहे. पूर्ण खोटं असतं तर कधीतरी उघडं पडलं असतं, नाही का?

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंडाच्या भट्टीवर होतो. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं, पण नोकरी लागली तेव्हापासून सगळं आयुष्य इथंच. ए शिफ्ट, बी शिफ्ट, नाइट. मी पाळीप्रमाणे कधी अर्ध्या रात्री यायचो, कधी पहाटे निघायचो, म्हणून माझी बायको विमल मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपायची. मुलगी मनीषा मोठी झाली, लग्न होऊन नागपूरला गेली. मी रिटायर झालो, जवळच रिसालीत घर बांधलं — आणि विमल दुसऱ्या खोलीतच राहिली. भांडण काही नव्हतं. सवय मोडायची कोणी, हा प्रश्न होता. मी विचारलं नाही. माणूस आपल्याच बायकोला असं काय विचारणार?

विमलचा दिवस भरलेला असे. शेजारच्या साहूबाईसोबत बाजार, वड्या, भजन, गच्चीवर वाळवणं. दोघी अर्धं छत्तीसगढी, अर्धं मराठी बोलायच्या आणि खूप हसायच्या. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत ते हसणं ऐकायचो. मी आत गेलो की त्या गप्प व्हायच्या. माझ्याशिवाय चालायला हे घर कधीच शिकलं होतं. तेव्हा हे मला असं शब्दांत कळत नव्हतं. फक्त दुपार मोठी वाटायची.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. दोघांनी सोबतच जायचं, असं मी म्हटलं. विमल म्हणाली, "नाई जी. दोघंबी पडलो त पाणी कोन देईन? आधी तुमी घ्या. तुमी उठले का मंग मी जाईन. तुमच्या प्लांटमंदी नाई का — रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडाची नाई."

हा नियम तिला माझ्यामुळेच पाठ होता. किती सणांना मी उशिरा आलो, आणि दारात उभा राहून तेच सांगितलं — रिलीव्हर, पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही. आमच्या कॉलनीतल्या पुष्कळ घरांनी तेव्हा असंच केलं. आधी एक, मग दुसरा. नियम भट्टीवर चांगला होता. घरात तो चुकीचा ठरेल, हे कोणाच्या ध्यानात यावं?

एका शाळेत केंद्र होतं. सुई कळलीसुद्धा नाही. संध्याकाळी मात्र हात जड झाला, दाताला दात लागावे अशी थंडी भरली, मग ताप चढला. अंग असं दुखत होतं की कूस बदलताना आवाज निघायचा. हे सगळं खरं होतं. विमलनं मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, गोळी दिली, भाताची पेज करून चमच्यानं पाजली. आणि वर चिडवलं, "जलमभर भट्टीपाशी उभे राहिले, अन् येवढ्याशा सुईनं पाडलं तुमाले!"

त्या रात्री तिनं आपली गादी आणून माझ्या पलंगाशेजारी खाली टाकली.

एवढंच. बाकी काही नाही. तुम्हाला ही गोष्ट छोटी वाटेल. मला ती छोटी नाही. ती खाली पडल्या पडल्या बोलत होती — तिच्या माहेरच्या बोडीतली, गावतळ्यातली मासोळी, मनीषा लहानपणी काय खायची, साहूबाईच्या सुनेचं काय बिनसलं. इतक्या वर्षांत मला ठाऊक नसलेलं कितीतरी. दुसऱ्या दिवशीही ती हलली नाही. साहूबाई दारातून हाक मारून गेली तरी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा मी मोकळा होतो. भूक लागली होती — खमंग काहीतरी खावं अशी भूक. विमलनं विचारलं, "कसं वाटून राहिलं?" आणि मी म्हणालो, "कणकण आहे अजून."

तिनं उलटा हात कपाळाला लावला. चादर डोक्यावरून घेऊन पडलेल्या माणसाचं कपाळ गरमच लागतं. ती म्हणाली, "हाय खरी," आणि पुन्हा पट्टी भिजवायला गेली.

चौथ्या दिवशीही तेच. मी चेहरा पाडून ठेवायचो, पेज अर्धी टाकायचो. ती भांडी घासायला मागं गेली की डब्यातला चिवडा खायचो. पासष्ट ओलांडलेला माणूस! हे लिहिताना लाज वाटते, पण चिवड्याची लाज सोपी आहे. पुढचं तसं नाही.

त्याच दिवशी साहूबाई नटूनथटून दारात आली. तिच्या नवऱ्यानं ऑटो आणली होती, केंद्रावर जायला. "चल न दीदी, ऑटो खड़े हे। तोर आधार कार्ड धर ले।"

विमलची साडी बदललेली होती. सकाळीच ठरलं असावं दोघींचं. ती माझ्या खोलीच्या दारात आली, माझ्याकडं पाहिलं, आणि जावं की राहावं ते तिला ठरवता येईना. मग तिनं मनीषाला फोन लावला. नेहमीसारखा स्पीकरवर, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

मनीषानं विचारलं, "ताप हाये का अजून बाबाले?"

विमलनं माझ्याकडं पाहिलं.

मी जागा होतो. डोळे मिटलेले होते, पण जागा होतो. मला एकच शब्द बोलायचा होता — जा. किंवा नुसतं उठून बसायचं होतं. विमल ऑटोत बसून गेली असती, तासाभरात परत आली असती. आणि मग तिला ताप आला असता, मी पट्ट्या ठेवल्या असत्या. तेही किती चांगलं झालं असतं! हे तेव्हा का सुचलं नाही? मला फक्त एवढं दिसत होतं की ती गेली, लस घेऊन आली, की गादी उचलली जाणार.

मी कण्हलो. ठरवून कण्हलो, आणि फोनपर्यंत पोचेल इतक्या जोरात.

मनीषा घाबरून म्हणाली, "आई, बाबाले असं टाकून जाऊ नको. तू पुढच्या हप्त्यात घे."

ऑटो गेली. विमल माझ्याजवळ येऊन बसली आणि माझे पाय दाबू लागली.

पुढचा हप्ता कसा आला ते दुर्ग-भिलाईत त्या वर्षी राहिलेल्या कोणालाही विचारा. शहर बंद झालं. गल्लीत सायरनशिवाय आवाज नव्हता. विमलला खोकला सुरू झाला, मग श्वास लागू लागला. खाट मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. दवाखान्याच्या फाटकापाशी मला थांबवलं. ती स्ट्रेचरवरून हात हलवून मला घरी जा म्हणत होती. तिथून ती परत आली नाही.

एका सुईनं ती वाचली असती का? मला ठाऊक नाही. डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. इतक्या थोड्या दिवसांत लशीनं काही केलंही नसतं कदाचित. पण हा "कदाचित" मी कितीदा वापरला आहे, आणि तो माझ्याच सोयीचा आहे, हे मला कळतं.

यानंतरचं याहून वाईट आहे.

रस्ते उघडल्यावर मनीषा आली. स्वयंपाकघरात आईच्या मसाल्याच्या डब्यासमोर बसली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. "मीच नाई म्हटलं, बाबा. ती निघाली होती. मीच थांबवलं तिले." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोंड उघडलं. आणि म्हणालो, "तुझी काय चूक, बाई. नशीब आपलं."

नशीब! मुलगी समोर फुटून रडते आहे, आणि मी तिला नशीब देतो. खरं सांगितलं असतं तर तिनं माझ्याकडं पाहिलं नसतं, आणि घरात आता तीच तेवढी येणारी होती. मी पुन्हा तेच केलं, बघा. आधी बायकोला धरून ठेवलं, मग मुलीला.

दुसरा डोस घ्यायला मनीषानं मनाई केली होती — "तुमाले बाधते." मी न सांगता जाऊन घेतला. त्या वेळी ताप खराच आला, दोन दिवस राहिला. मी पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन पडलो होतो. याला शिक्षा म्हणू नका. ताप सगळ्यांनाच येत होता.

दर वर्षी आईच्या तिथीला मनीषा येते, पानं वाढते, आणि कावळ्याला घास ठेवून झाल्यावर कोपऱ्यात जाऊन तेच बोलते. आता तिच्या केसांत पांढरं दिसतं. तिनं स्वतःच्या मुलांनाही सांगून ठेवलं आहे की आजी तिच्यामुळं गेली. नातीनं मला विचारलं, खरं का? मी म्हटलं, तसं नसतं, बेटा. तसं नसतं — एवढंच म्हटलं.

म्हणून हे लिहितो आहे. लिहून झालं की पहिलं तिलाच पाठवणार.

मनीषा, तुझ्या आईनं तुला फोन केला तेव्हा मला ताप नव्हता. आदल्या दिवशीही नव्हता. तुला जे ऐकू आलं ते मी मुद्दाम केलं होतं, तिनं जाऊ नये म्हणून. तू आजारी बापासाठी बोललीस. त्या घरात त्या दिवशी कोणीच आजारी नव्हतं.